करवतकाठी टसर साडीची पारख

करवतकाठी साडी (अन्य नावे : करवती, करवतकिनारी, कोशाचे लुगडे) ही पूर्व विदर्भात हातमागावर विणली जाणारी साडी होय. तिचे अंग टसर रेशमाचे असते आणि काठ सुती असून त्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव, पवनी हा या विणकामाचा परिचित टापू आहे. 'करवतकाठी साड्या व वस्त्रे' या नावाने तिची भौगोलिक चिन्हांकन नोंदवहीत नोंद झालेली आहे. कोशाचे वस्त्र महाग असल्याने त्याची नक्कल करणारे कृत्रिम धाग्याचे आणि यंत्रमागाचे कापडही त्याच नावाने विकले जाते. अस्सल साडी ओळखावी कशी, कोणती परीक्षा काय सिद्ध करते आणि काय सिद्ध करत नाही, याची माहिती या लेखात दिली आहे.

पारखीचे स्वरूप

'ही साडी खरी आहे का?' हा प्रश्न वरवर एक दिसला तरी त्याच्या पोटात चार प्रश्न आहेत. धागा रेशमाचा आहे का? रेशीम असल्यास ते टसर आहे का? कापड हातमागावर विणले आहे का? आणि ते या प्रदेशात, या पद्धतीने विणले आहे का? चारही प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे शोधावी लागतात. रेशीम अस्सल पण विणकाम यंत्रमागाचे, किंवा हातमाग अस्सल पण ताण्याला कृत्रिम धागा, अशा अर्ध्या खऱ्या साड्याच बाजारात अधिक आढळतात. संपूर्ण खोटी साडी जाणकार डोळ्याला लवकर कळते. अर्धी खरी साडी जाणकारालाही चकवते.

परदेशी नाममुद्रेच्या महागड्या हँडबॅगची पारख करताना शिलाई, ठसा, अनुक्रमांक असे सर्व काही एका उत्पादकाच्या नमुन्याशी ताडून पाहता येते. करवतकाठीला असा एक उत्पादक नाही. ती शेकडो घरांत विणली जाते आणि दोन घरांच्या साड्या तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे येथे नमुन्याशी तुलना करण्यापेक्षा धागा आणि वीण समजून घेणे हाच पारखीचा मार्ग ठरतो.

धागा : कोसा

झाडीपट्टीत टसरला 'कोसा' म्हणतात. हे रेशीम अँथेरिया मायलिट्टा या रानपतंगाच्या अळीपासून मिळते. तुतीच्या पानांवर वाढणारा बॉम्बिक्स मोरी हा कीटक घरात, ट्रेमध्ये पाळला जातो; टसरची अळी मात्र रानात, उभ्या झाडावरच वाढते. या भागात ऐन आणि अर्जुन ही तिची मुख्य खाद्यवृक्षे आहेत. या पतंगाचे प्रदेशानुसार अनेक परिस्थितिकीय वाण आढळतात, आणि पूर्व विदर्भाच्या वनांतील वाण 'भंडारा' याच नावाने शास्त्रीय वाङ्मयात ओळखला जातो. संगोपनाचे काम परंपरेने ढीवर समाजातील कुटुंबे करतात आणि विणकाम प्रामुख्याने कोष्टी समाजाकडे आहे. पावसाळ्याच्या आरंभापासून हिवाळ्यापर्यंत पिके घेतली जातात. या काळात पक्षी, मुंग्या, माकडे आणि रोग यांपासून अळ्या राखण्यासाठी पालकांना दिवसच्या दिवस झाडांखाली काढावे लागतात. एखादी दीर्घ झड आली तर सारे पीक हातचे जाते. कोशाच्या किमतीत या राखणीचा मोठा वाटा असतो, ही गोष्ट साडीची किंमत ऐकून दचकणाऱ्या ग्राहकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

टसरचा कोश टणक, अंडाकृती असून त्याला फांदीशी बांधणारा देठ असतो. तो नुसत्या गरम पाण्यात उकलत नाही. सोड्यासारखा क्षार घालून शिजवावा लागतो. त्यानंतर अनेक कोशांचे तंतू एकत्र करून स्त्रिया ते मांडीवर वळत असत. ही पद्धत त्वचेला इजा करणारी आणि अल्प मोबदल्याची होती. ती बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने २०१९ मध्ये 'बुनियाद' हे सुधारित यंत्र पुढे आणले. पतंग बाहेर पडून छिद्र पडलेल्या कोशापासून अखंड तंतू निघत नाही. त्याचे सूत कातले जाते, त्यास 'घीचा' म्हणतात. धागा काढताना उरलेल्या अवशेषांपासून 'काटिया' आणि देठापासून 'बाल्कल' हे जाडेभरडे सूत मिळते. ही सर्व सूते खरे टसरच आहेत. घीच्याच्या कापडाला चमक कमी व खरखर अधिक असते, एवढ्यावरून त्यास 'मिलावटी' ठरवणे चूक होय.

तुतीच्या रेशमाचा तंतू सुमारे २ ते ३ डेनियर जाडीचा, तर टसरचा त्याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तुतीच्या तंतूचा आडवा छेद त्रिकोणी दिसतो व पृष्ठभाग गुळगुळीत असतो; टसरचा तंतू चपटा, फितीसारखा असून त्यावर लांबट रेषा दिसतात. 'टसर की तुती' या प्रश्नाचा खात्रीचा निर्णय याच तपासणीने लागतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही तंतूवरील रेषा पाहता येतात.

रंग, चमक व स्पर्श

न रंगवलेल्या टसरचा रंग मधापासून फिकट ताम्रवर्णापर्यंत असतो. झाडाच्या पानांतील टॅनिनमुळे हा वर्ण येतो व तो सहजी जात नाही. टसर पूर्णपणे पांढरे करणे आणि त्यावर रंग चढवणे या अडचणींवर इंग्लंडमधील रंगतज्ज्ञ थॉमस वॉर्डल यांनी दीर्घकाळ काम केले आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात भारतीय टसरची वस्त्रे मांडली. पांढरीशुभ्र, झगझगीत 'टसर' साडी पाहिल्यावर शंका घ्यावी ती यामुळे. शंका म्हणजे मात्र निर्णय नव्हे, कारण आधुनिक विरंजनाने टसर बरेच उजळते.

अस्सल कोशाची चमक मंद असते आणि कापड हलवले की ती कोनानुसार बदलते. पॉलिएस्टरची चमक सर्वत्र सारखी, काहीशी पांढरट दिसते. कोशाच्या धाग्यात जागोजागी जाड-बारीकपणा असतो. आता नकली कापडातही मुद्दाम गाठी टाकल्या जातात. परंतु त्या गाठी एकाच लांबीच्या असून ठरावीक अंतराने पुन्हा येताना दिसतात. हातभर कापड उजेडासमोर धरून पाहिले की हा फरक बहुधा कळतो.

अंगठीतून साडी ओढून दाखवण्याची युक्ती दुकानांत फार प्रिय आहे. ती कोशाला लावू नये. टसर हे स्वभावतः ताठ आणि भरीव कापड आहे. ते अंगठीत अडकले म्हणून खोटे ठरत नाही आणि बारीक पॉलिएस्टर त्यातून सुळकन निघाले म्हणून खरे ठरत नाही. कापड चोळून ऊब येते का ते पाहण्याची परीक्षाही अशीच निरुपयोगी आहे.

ज्वलनपरीक्षा

घरच्या घरी करण्याजोग्या परीक्षांत ही सर्वाधिक विश्वसनीय होय. रेशीम हे केसांप्रमाणेच प्रथिन असल्यामुळे ते जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केल्यावर ते बहुधा विझते आणि मागे बोटांनी चुरडता येईल असा काळा अवशेष राहतो. कापूस व व्हिस्कोज भराभर जळतात, कागद जळल्याचा वास येतो व करड्या रंगाची हलकी राख उरते. पॉलिएस्टर वितळते, काळा धूर सोडते आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी बनतो. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग वडीलधाऱ्यांच्या देखत, चिमट्यात धागा धरून आणि खाली पाण्याची थाळी ठेवून करावा.

ताणा आणि बाणा यांची परीक्षा वेगवेगळी करणे आवश्यक आहे. पदराच्या सुट्या दशा म्हणजे ताण्याचे धागे. बहुतेक लोक तेवढेच जाळून पाहतात. ताणा रेशमाचा आणि बाणा व्हिस्कोजचा असलेली साडी या परीक्षेतून सहज सुटते. याच्या उलट प्रकारही आढळतो.

करवतकाठीच्या बाबतीत याहून मोठी गफलत काठाची आहे. साडीचा काठ परंपरेनेच सुती असतो. पारख करण्याच्या हेतूने एखाद्याने साडीच्या कडेचा धागा ओढला, जाळला आणि त्याला कागदाचा वास आला, तर तो विणकराला फसवणारा ठरवून मोकळा होतो. वास्तविक तो वास साडीच्या बाजूचाच पुरावा असतो. कमी माहितीवर केलेली परीक्षा खोट्याला पकडण्याऐवजी खऱ्यालाच दोषी ठरवते, याचे हे ठळक उदाहरण आहे; आणि नुकसान ज्याचे होते त्या विणकराजवळ बाजू मांडण्याचे कोणतेही साधन नसते. म्हणून अंगाचा धागा अंगातूनच घ्यावा.

आग टाळावयाची असल्यास आणखी एक परीक्षा आहे. घरगुती विरंजक द्रवात (सोडियम हायपोक्लोराइट) रेशमाचा धागा काही वेळाने विरघळतो, कापूस, व्हिस्कोज व पॉलिएस्टर विरघळत नाहीत. द्रव काचेच्या वाटीत, खिडकीजवळ वापरावा व त्यात कोणतेही आम्ल मिसळू नये. या दोन्ही परीक्षा 'रेशीम आहे की नाही' एवढेच सांगतात. टसर आणि तुती यांतील भेद त्यांतून कळत नाही.

काठाची वीण

करवतकाठीचे खरे मर्म तिच्या काठात आहे. साध्या साडीत एकच धोटा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो. त्यामुळे अंगाचा बाणा काठातही शिरतो आणि काठाचा रंग मिसळून फिका पडतो. करवतकाठीत तीन धोटे चालतात. मधला धोटा अंगाचा बाणा टाकतो व उरलेले दोन आपापल्या काठाचा. अंग व काठ जेथे भेटतात तेथे दोन्ही बाण्यांचे धागे एकमेकांत अडकवले जातात. हा सांधा एका ओळीत न ठेवता पुढेमागे सरकवत नेला की करवतीचे दाते उमटतात. प्रत्येक फेरीला धागे अडकवावे लागत असल्याने विणकामाची गती साहजिकच मंदावते आणि मागावर बहुधा दोघांचे हात लागतात.

या रचनेतून पारखीच्या तीन खुणा मिळतात. पहिली, काठाचा रंग भरीव असतो, कारण तेथे ताणा व बाणा दोन्ही काठाच्याच रंगाचे असतात. नकली काठ उजेडासमोर धरल्यास त्यात अंगाच्या रंगाची छटा दिसते. दुसरी, दात्यांची नक्षी उलट बाजूसही तशीच स्वच्छ दिसते. छापील काठाची उलट बाजू फिकट असते. यंत्रावर जादा धागा घालून काढलेल्या नक्षीत मागे लोंबते किंवा कापलेले धागे आढळतात. तिसरी खूण सर्वांत निर्णायक आहे. साडीच्या आतल्या, न शिवलेल्या टोकाकडून बाण्याचा एक धागा हळूहळू उसवून पाहावा. अस्सल साडीत तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड निघत नाही. सांध्याजवळ अडतो, कारण तेथे अंगाचा धागा काठाच्या धाग्यात गुंतलेला असतो. धागा सरळ अखंड निघून आला तर ती साडी एका धोट्याची आहे. तिच्यावरील दाते कितीही रेखीव असोत, ती करवतकाठी नव्हे.

दात्यांचा किंचित असमानपणा, सांध्यावर हाताला जाणवणारी बारीक उंची, कडांवर ठरावीक अंतराने दिसणारी टोचणीची भोके ही हातमागाची चिन्हे म्हणून सांगितली जातात. ती सहायक पुरावा म्हणून घ्यावीत. कुशल विणकराची वीण यंत्रासारखी सफाईदार असू शकते, आणि कापड ताणून धरणाऱ्या यंत्रमागाच्या साधनांनीही कडेला भोके पडतात. 'जितकी ओबडधोबड तितकी अस्सल' असा एक समज शहरी ग्राहकांत रुजू लागला आहे. तो विणकराच्या कौशल्यावर अन्याय करणारा आहे.

आयात धाग्याचा प्रश्न

चीनमध्ये ओकच्या पानांवर वाढणाऱ्या अँथेरिया पर्नी या पतंगापासूनही टसर मिळते. त्याचा धागा अधिक एकसारखा आणि उजळ असून ताण्यात कमी तुटतो. त्यामुळे देशातील अनेक टसर केंद्रांत, चांपा व भागलपूर येथेही, आयात धागा ताण्यासाठी वापरात आला. व्यापारात त्यास सरसकट 'कोरिया' असेही म्हटले जाते. अशा धाग्याची साडी रेशमाची आहे, टसरचीही आहे, हातमागावरचीही आहे. परंतु ऐनाच्या झाडाखाली राखण करणाऱ्या ढीवर कुटुंबापर्यंत तिच्या किमतीतील काही पोचत नाही, किंवा अर्धेच पोचते. ती नकली म्हणावी काय? प्रस्तुत लेखाच्या मते नाही, मात्र विक्रेत्याने धाग्याचे मूळ सांगितले पाहिजे. डोळ्यांनी हा भेद ओळखणे अवघड आहे. ताण्याचा धागा अगदी एकसारखा व बाण्याचा जाडबारीक असेल तर निदान विचारणा करावी.

प्रमाणचिन्हे

सिल्क मार्क हे चिन्ह केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झाले. वस्तू नैसर्गिक, शुद्ध रेशमाची आहे, एवढी ग्वाही ते देते. त्याच्या पट्टीवर होलोग्राम व क्रमांक असतो. ते तुती, टसर, एरी व मुगा या चारही रेशमांना लागू असल्याने केवळ सिल्क मार्क पाहून टसर मानू नये. हँडलूम मार्क २००६ मध्ये आले आणि त्याची अंमलबजावणी मुंबईस मुख्यालय असलेल्या वस्त्र समितीकडे आहे. ते हातमागाची ग्वाही देते, धाग्याची नव्हे. भौगोलिक चिन्हांकन प्रदेश व पद्धतीशी निगडित असून १९९९ च्या अधिनियमाखाली (अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून) दिले जाते. नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. ते चिन्ह वापरण्यासाठी विणकराला वा संस्थेला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते.

म्हणजे वर सांगितलेल्या चार प्रश्नांपैकी प्रत्येक चिन्ह एखाद्याच प्रश्नाचे उत्तर देते. उलटपक्षी, चिन्ह नाही म्हणून साडी खोटी ठरत नाही. नोंदणी, अर्ज, पट्ट्यांचा खर्च आणि कागदपत्रे यांत एक-दोन मागांचा विणकर मागे पडतो, आणि त्याची अस्सल साडी बिनपट्टीची राहते. अशा वेळी मागावर जाऊन पाहणे किंवा विणकरांच्या सहकारी संस्थेकडून घेणे अधिक भरवशाचे असते. तांत्रिक मार्गदर्शनासाठी नागपूर येथे विणकर सेवा केंद्र आहे. राज्याचे रेशीम संचालनालयही नागपुरातच आहे.

बाजारातील नावे

'आर्ट सिल्क' या शब्दातील 'आर्ट' कलेशी संबंधित नाही. ते 'आर्टिफिशियल'चे लघुरूप असून त्याचा अर्थ कृत्रिम रेशीम असा आहे. 'सेमी टसर' म्हणजे बहुधा मिश्र किंवा पूर्णतः कृत्रिम धागा. 'टसर फिनिश' हे केवळ पोताचे वर्णन आहे. अशा नावाने विकताना विक्रेता शब्दशः खोटे बोलत नाही, म्हणून तक्रार करणेही कठीण जाते. 'अहिंसा टसर' या नावाखाली पतंग बाहेर पडलेल्या कोशांचेच सूत अपेक्षित असते. तसे कापड अखंड, सुळसुळीत धाग्याचे असेल तर तो दावा तपासून पाहावा, कारण छिद्रित कोशातून तसा धागा निघत नाही.

कायदेशीर तरतुदी

हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा अधिनियम १९८५ चा आहे. त्याखाली सध्या ११ प्रकारच्या वस्तू राखीव असून विशिष्ट वर्णनाच्या साड्या त्यांत येतात. त्या यंत्रमागावर विणणे हा अपराध आहे. खोटे भौगोलिक चिन्ह लावणे किंवा तसा माल विकणे यासाठी १९९९ च्या अधिनियमात ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे.

ग्राहकाच्या दृष्टीने २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम अधिक उपयोगी पडतो. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून २ वर्षांच्या आत करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे. तक्रारीचा सर्व भार पावतीवर असतो. पावतीवर नुसते 'साडी १ नग' असे लिहिलेले असेल तर काय कबूल केले होते हे सिद्ध करता येत नाही. 'करवतकाठी, हातमाग, अंग टसर, काठ सुती' असे शब्द पावतीवर लिहून मागावेत. लिहून देण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला तर साडी न घेता परतावे.